स्पॅनिशकडे मराठीच्या वाटेने

तुझी आई म्हणाली, यंदा शाळेच्या वेळापत्रकात स्पॅनिश तीन बसत नाही, म्हणून तू तो कोर्स ऑनलाइन घेतो आहेस. चांगलं केलंस. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायला परकीय भाषेचे ५ क्रेडिट, म्हणजे जेमतेम एका वर्षाचा अभ्यास पुरतो. त्यामुळे पुष्कळ मुलं दुसऱ्या वर्षानंतर भाषा सोडतात, आणि नेमकी तिथूनच ती बोलता यायला लागणार असते. दोन वर्षं शब्द आणि क्रियापदं गोळा करायची आणि वापरायची वेळ आली की उठून जायचं, हे मला कधी बघवलं नाही.

माझं आयुष्य इथल्या हायस्कुलांत स्पॅनिश शिकवण्यात गेलं. शेवटची काही वर्षं तर मी ऑनलाइनच वर्ग घेतले. त्याआधी पुण्यात ज्या बाईंकडे मी ही भाषा शिकले, त्यांच्याकडून आलेलं काही आहे, काही वर्गात पारखून घेतलेलं आहे. ते तुला सांगते. आपल्या घरांतली बरीच मुलं एडिसनपासून फ्रीमाँटपर्यंत हाच कोर्स घेत असतात, त्यांच्याही कामी यावं म्हणून फोनवर न सांगता लिहून काढते आहे.

तिसऱ्या वर्षी एक गोष्ट हमखास होते. पहिल्या वर्षी दर आठवड्याला काहीतरी नवं हाती लागत असतं. तिसऱ्या वर्षी महिने उलटतात आणि आपण जागचे हललोच नाही असं वाटतं. तसं वाटलं तर स्वतःला ढ समजू नकोस. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला कामकाजापुरती पक्की स्पॅनिश यायला वर्गातले ६०० ते ७५० तास लागतात, असा तिचा अंदाज आहे. हायस्कुलातलं एक वर्ष म्हणजे साधारण १२० ते १५० तास. म्हणजे दोन वर्षं करून तू अजून फार तर निम्म्यावर पोचला आहेस. तिसऱ्या वर्षी फक्त टिकून राहायचं आणि तास भरत जायचे.

या वर्षी साधायचं काय, तेही नीट समजून घे. इथे भाषेच्या पायऱ्या ठरवणारी जी पद्धत आहे, तिच्यात मधली पायरी म्हणजे पाठ केलेली वाक्यं सोडून स्वतःची वाक्यं जुळवता येणं, साधा प्रश्न विचारता येणं आणि त्याचं उत्तर देता येणं. तिच्या पुढची पायरी म्हणजे घडलेलं, घडत असलेलं आणि घडणार असलेलं सलग सांगता येणं. तुझा सगळा कोर्स या दोन पायऱ्यांच्या मधे आहे. म्हणून वर्षभर एकच विचारत जा: मला आज घडलेली हकिकत स्पॅनिशमध्ये सांगता येते का? गुण त्याच्या मागोमाग येतात.

आता मुख्य सांगणं. तुझं पुस्तक इंग्रजीत आहे, व्हिडिओ इंग्रजीत समजावतात, शिक्षिका इंग्रजीतून शंका सोडवतात, त्यामुळे तू प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत करतोस आणि मग स्पॅनिशमध्ये नेतोस. ही लांबची वाट आहे. तुझं मराठी लिहिणं कच्चं असेल, पण आजीशी तू तासभर फोनवर बोलतोस. ते बोलणंच इथे कामाला घे. इंग्रजी मुलांना तिसऱ्या वर्षी जिथे जिथे अडतं, तिथल्या निम्म्याहून अधिक जागा तुला लहानपणापासून येतात, फक्त तुला ते कोणी दाखवलेलं नाही.

'मे गुस्ता' घे. इंग्रजी मुलं 'मी आवडतो' अशा चालीवर 'यो गुस्तो' म्हणतात आणि वर्षानुवर्षं म्हणत राहतात. तू मराठीत कर: मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. क्रियापद कोणाप्रमाणे बदललं? आंब्याप्रमाणे. स्पॅनिशमध्ये तेच होतं: 'मे गुस्ता एल मांगो', 'मे गुस्तान लोस मांगोस'. 'मे दुएले ला काबेसा' म्हणजे डोकं दुखतंय, 'मे दुएलेन लोस पिएस' म्हणजे पाय दुखतायत. इथेही दुखणारा अवयव क्रियापद ठरवतो. 'मे पारेसे' म्हणजे मला वाटतं. या सगळ्या कुटुंबाला नियमांचा तक्ता लागत नाही, 'मला' लागतो.

सर्वनामांची जागा घे. इंग्रजीत 'देतो' आधी येतं, 'तुला' आणि 'ते' नंतर, म्हणून 'ते लो दोय' हे वाक्य इंग्रजी मुलांना उलटं वाटतं. तू शब्दाला शब्द लावून बघ: तुला ते देतो. तीच रांग, तोच क्रम. फक्त 'त्याला ते' म्हणताना 'ले लो' होत नाही, 'से लो' होतं, एवढं वेगळं लक्षात ठेव.

माणसाच्या आधी येणारा तो छोटा 'आ' घे. 'बुस्को मि लिब्रो', पण 'बुस्को आ मि एर्मानो'. पुस्तकात याच्यावर अर्धं पान आणि चार अपवाद असतात. मराठीत म्हण: मी पुस्तक शोधतोय, मी भावाला शोधतोय. पुस्तकाला 'ला' लागला नाही, भावाला लागला. माणूस असेल तर 'ला', आणि तिथे स्पॅनिशमध्ये 'आ'. इंग्रजीत ही सोयच नाही, म्हणून ती मुलं हा 'आ' विसरतात. तू विसरायचं कारण नाही.

हातून ग्लास पडला तर स्पॅनिश माणूस 'से मे कायो' म्हणतो, आपण 'माझ्या हातून पडला' म्हणतो. विसरलं तर तो 'से मे ओल्बिदो' म्हणतो, आपण 'विसरायला झालं' म्हणतो. दोन्ही भाषांत मुद्दाम केलेलं आणि आपोआप झालेलं यात फरक केला जातो. परीक्षेतला हा प्रश्न आजीच्या बोलीतूनच सुटतो.

आणि आता ज्यावर तिसरं वर्ष उभं आहे ते दोन भूतकाळ. 'फुइ' की 'इबा', 'आब्ले' की 'आब्लाबा', यात मुलांचं अख्खं सत्र जातं. पुस्तक सांगतं की पूर्ण झालेली क्रिया एकीकडे, चालू राहिलेली किंवा नेहमीची दुसरीकडे. ते बरोबर आहे, पण बोलताना नियम आठवायला वेळ नसतो. तू मराठीत म्हणून बघ. 'काल आजीकडे गेलो' यातला 'गेलो' म्हणजे 'फुइ'. 'लहानपणी आजीकडे जायचो' यातला 'जायचो' म्हणजे 'इबा'. 'नऊ वाजले होते, पाऊस पडत होता, मी अभ्यास करत होतो, तेवढ्यात दार वाजलं.' पहिली तिन्ही एका काळात जातात, 'वाजलं' एकटं दुसऱ्या काळात. जायचो, करायचो, पडत होता, बसला होता: हे ऐकू आलं की 'आबा' आणि 'इया' हे शेवट. गेलो, केलं, वाजलं, म्हणाला: हे ऐकू आलं की दुसरे शेवट. चुका होतील, पण इंग्रजीतून गेलास तर होणाऱ्यांच्या मानाने फार कमी.

काही क्रियापदांचा अर्थ या दोन काळांत बदलतो आणि इंग्रजी पुस्तकं त्याची वेगळी यादी करून देतात. 'साबिया' म्हणजे माहीत होतं, 'सुपे' म्हणजे कळलं. 'कोनोसिया' म्हणजे ओळखत होतो, 'कोनोसि' म्हणजे ओळख झाली. 'पोदिया' म्हणजे करता येत होतं, 'पुदे' म्हणजे जमलं. 'नो किसे' म्हणजे मी नकारच दिला. मराठीत या जोड्यांना आधीच वेगवेगळे शब्द आहेत, त्यामुळे तुला यादी पाठ करायची नाही, जोडी ओळखायची आहे.

सहामाही संपता संपता सबजंक्टिव्ह येईल आणि वर्गातली निम्मी मुलं हात टेकतील. इंग्रजीत त्याचा जवळजवळ मागमूस उरलेला नाही, म्हणून त्यांना ते हवेत लटकल्यासारखं वाटतं. तुला 'यावं', 'पडावा', 'करावंस' ही रूपं येतात ना? 'तू यावंस असं मला वाटतं' म्हणजे 'क्येरो के बेंगास'. 'पाऊस पडावा अशी आशा आहे' म्हणजे 'एस्पेरो के युएबा'. जे अजून झालेलं नाही, जे व्हावं असं कोणाला तरी वाटतं, ते आपण 'वं' लावून सांगतो. इच्छा, आशा, विनंती, सल्ला इथपर्यंत ही मदत भक्कम आहे. पुढे ती सुटते. 'तो आला की सांगतो' यात स्पॅनिश 'क्वांदो बेंगा' म्हणते आणि मराठीत 'वं' नाही. शंका आणि अविश्वास सांगतानाही नाही. ती दोन प्रकरणं पुस्तकातून वेगळी शिक.

जिथे मराठी उपयोगी नाही, उलट अडचण करते, त्या जागाही सांगते. आपण 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी पोळी खाल्ली' म्हणतो, क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलतं. स्पॅनिशमध्ये दोन्हींना 'कोमि'. तुझ्या आईसारखी बाई 'मी गेले' म्हणते आणि तू 'गेलो' म्हणतोस. स्पॅनिशमध्ये दोघांचं 'फुइ'. आपल्याकडे लिंगं तीन, तिकडे दोन, आणि नपुंसकाला सवयीने काहीतरी लावून टाकायचा मोह होतो. नाम कधीही एकटं लिहू नकोस, 'एल' किंवा 'ला' लावूनच वहीत उतरव. 'एल प्रोब्लेमा', 'ला मानो', 'एल दिया' ही तर फसवण्यासाठीच बसलेली आहेत. 'सेर' आणि 'एस्तार' या दोन 'असण्यां'साठी मराठीत एकच 'आहे' आहे, तिथे इंग्रजीसुद्धा हात वर करते. तरी एक खूण ठेव: 'कंटाळवाणा आहे' ते 'एस', 'कंटाळलाय' ते 'एस्ता'. 'हुशार आहे' ते 'एस लिस्तो', 'तयार आहे' ते 'एस्ता लिस्तो'. ठिकाण सांगताना 'एस्तार', पण समारंभ कुठे आहे हे सांगताना 'सेर'. याच्यापलीकडे वाचूनच अंगवळणी पडतं.

'पोर' आणि 'पारा' इंग्रजीत एकाच शब्दात कोंबले जातात म्हणून अवघड वाटतात. मराठीत 'साठी' ते बहुतेक 'पारा'; 'मुळे', 'मधून', 'बद्दल', 'ऐवजी' ते 'पोर'. पावसामुळे, बागेतून, भेटीबद्दल आभार, भावाच्या ऐवजी: चारही 'पोर'. एवढं पुरे.

'तू' आणि 'तुम्ही' तर तुला सांगायलाच नको. स्पॅनिशमधला 'तू' अर्थानेही आपला 'तू'च आहे. आजोबांना 'तू' म्हणत नाहीस तसं शिक्षिकेच्या ईमेलमध्येही म्हणू नकोस. तिथे 'उस्तेद', आणि 'उस्तेद'बरोबर क्रियापद तृतीयपुरुषी. मुलांची नेहमीची चूक म्हणजे पत्राची सुरुवात 'उस्तेद'ने करायची आणि तिसऱ्या ओळीत 'तू'वर यायचं. पत्र पाठवण्याआधी फक्त एवढ्यासाठी एकदा वाचून काढ. 'बोसोत्रोस' हे रूप स्पेनमध्ये चालतं, अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस' ऐकू येईल; ती ओळखता आली तरी तुझं काम भागतं, वापरायची गरज नाही.

माझ्या पुण्याच्या बाई एक गंमत सांगायच्या आणि मी ती दरवर्षी वर्गात वापरली. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती, गोवा तर त्याहून कितीतरी जास्त काळ, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. त्यामुळे आपल्या घरात बसलेले काही शब्द तुला स्पॅनिश पुस्तकात भेटतील. महिन्याचा पगार म्हणजे त्यांचं 'पागार', पैसे देणे. दाराची बिजागरी म्हणजे 'बिसाग्रा'. बालदी म्हणजे 'बाल्दे'. पाव म्हणजे 'पान'. चावी पोर्तुगीज 'शावे'मधून आली. पोर्तुगीजमध्ये जिथे 'श' येतो तिथे स्पॅनिशमध्ये बऱ्याचदा 'य' येतो, म्हणून स्पॅनिश किल्ली 'यावे' आणि पाऊस 'युबिया'. तुझ्या आजोबांना असे आणखी शब्द विचार, ते सांगतील. इंग्रजीशी मिळतेजुळते दिसणारे शब्द मात्र सांभाळून घे. 'एक्सितो' म्हणजे बाहेरची वाट नव्हे, यश. 'लिब्रेरिया' म्हणजे ग्रंथालय नव्हे, पुस्तकांचं दुकान. 'एम्बारासादा' म्हणजे ओशाळलेली नव्हे, गरोदर. हा शब्द चुकीच्या जागी वापरलास तर सगळ्या वर्गाच्या लक्षात राहशील.

उच्चाराचं सांगते. तुझ्या वर्गातली मुलं 'त'ला 'ट' करतात आणि 'नो' म्हणताना स्वर लांबवत 'नोउ' करतात. तुला स्वच्छ त, द, प, क आणि पाच सरळ स्वर जन्मापासून येतात, ते स्पॅनिश बोलताना इंग्रजीसारखे करून टाकू नकोस. 'चोकोलाते' मधली चारही अक्षरं सारखी स्पष्ट म्हण. 'पेरो' मधला साधा 'र' आपला 'र' आहे. 'पेर्रो' मधला थरथरवायचा असतो, त्याला सराव लागतो. एक जागा मात्र आपल्या कानाला अवघड आहे. मराठीत एखाद्या अक्षरावर जोर दिल्याने अर्थ बदलत नाही, स्पॅनिशमध्ये बदलतो. 'आब्लो' म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर दिलास तर 'मी बोलतो', शेवटच्या अक्षरावर दिलास तर 'तो बोलला'. इथे इंग्रजीचा कान लाव, त्यात असा जोर असतो. लिहिताना हाच जोर अक्षरावरच्या तिरक्या रेघेने दाखवतात, आणि ऑनलाइन परीक्षा यंत्र तपासतं. रेघ नसेल तर उत्तर चूक. संगणकावर 'यूएस इंटरनॅशनल' कीबोर्ड पहिल्याच दिवशी चालू कर, फोनवर अक्षर दाबून धरलं की रेघांचे पर्याय येतात. दर वेळी कुठून तरी रेघवालं अक्षर उचलून आणून चिकटवण्यात वेळ घालवू नकोस.

आता ऑनलाइनपणाबद्दल. वर्गात बसलं की शिक्षिका नाव घेते आणि तोंड उघडावंच लागतं. ऑनलाइन कोर्समध्ये तशी सक्ती जवळजवळ नसते. वाचायचं, क्लिक करायचं, टाइप करायचं, आणि महिनाभर एक शब्दही न बोलता उत्तम गुण मिळवता येतात. सगळ्यात मोठा धोका हाच आहे, त्यासाठी स्वतः व्यवस्था कर. रोज अर्धा तास ठरवून दे आणि त्यातली दहा मिनिटं आवाज काढून. असे कोर्स आठवडाभराचं काम रविवारी रात्री एकदम उरकायची मुभा देतात. ती मुभा घेऊ नकोस. एका बैठकीत तीन तास केलेली भाषा बुधवारपर्यंत उतरून जाते.

बोलून पाठवायचं रेकॉर्डिंग तू कितीही वेळा पुन्हा करू शकतोस. करू नकोस. कागदावर पूर्ण वाक्यं लिहून वाचू नकोस, फक्त चार-पाच शब्द टिपून घे, आणि फार तर दुसऱ्या प्रयत्नातलं रेकॉर्डिंग पाठवून दे. वाचलेलं आणि बोललेलं पहिल्या तीन सेकंदांत ऐकू येतं. आम्ही शिक्षक अडखळण्याचे गुण कापत नाही, वाचण्याचे कापतो. पुढे एपीची परीक्षा देशील तर आजवरच्या स्वरूपात तिच्या संभाषणाच्या भागात पाच वेळा बोलायचं असतं, दर वेळी २० सेकंद. त्या २० सेकंदांत शब्द शोधत बसता येत नाही. वाक्य अडलं तर वेगळ्या साध्या शब्दांत वळवून सांगायची सवय आत्तापासून लाव.

अनियमित क्रियापदांना सुटका नाही, ती पाढ्यांसारखी म्हणूनच पाठ होतात: 'तुबे', 'एस्तुबे', 'पुदे', 'पुसे', 'सुपे', 'इसे', 'किसे', 'बिने', 'दिखे', 'त्राखे'. या सगळ्यांचे शेवट जवळजवळ सारखे आणि जोर शेवटच्या अक्षरावर नाही, हे एकदा कानात बसलं की बसलं. 'फुइ' हे 'गेलो' आणि 'होतो' दोन्हींचं रूप आहे, त्याने गोंधळू नकोस, वाक्यातून कळतं.

यंत्राकडून भाषांतर करून घेण्याबद्दल स्पष्ट बोलते. शिक्षिकेला कळतं. न शिकवलेला काळ आणि न शिकवलेला वाक्प्रचार निबंधात आला की लगेच कळतं, आणि बऱ्याच शाळांत ती कॉपीच धरतात. पण पकडला जाशील म्हणून नको असं मी सांगत नाही. तुझ्या डोक्यात वाक्य जुळायला जो त्रास होतो, तो त्रास म्हणजेच शिकणं आहे, आणि तो तू यंत्राला देऊन टाकतोस. एखादा शब्द शब्दकोशात बघ, खुशाल बघ. पूर्ण वाक्य कोणाकडून घेऊ नकोस. निबंध आधी वहीत हाताने लिही, मग टाइप कर. पुस्तक उघडं ठेवून द्यायच्या चाचण्याही पुस्तक मिटून दे.

ऐकण्याला वेगळा वेळ ठेव. कोर्समधले आवाज स्टुडिओतले असतात, सावकाश आणि स्वच्छ. १९९२ सालची 'देस्तिनोस' ही ५२ भागांची मालिका शिकणाऱ्यांसाठीच केलेली आहे, जुनी दिसते, पण तिच्याइतकी पायरीपायरीने चढत जाणारी दुसरी गोष्ट मी वर्गात वापरली नाही. ती संपली की 'रादियो आंबुलांते' ऐक. लॅटिन अमेरिकेतल्या खऱ्या माणसांच्या खऱ्या हकिकती, आणि त्यांचा लिखित मजकूरही मिळतो. आधी नुसतं ऐक, मग मजकूर वाच, मग पुन्हा ऐक. चित्रपट बघताना खाली स्पॅनिश अक्षरं ठेव, इंग्रजी ठेवलीस तर तू इंग्रजी वाचतोस, स्पॅनिश ऐकत नाहीस. गावच्या ग्रंथालयाच्या कार्डावर भाषेचे कोर्स बऱ्याचदा फुकट मिळतात. पैसे खर्च करण्याआधी तिथे विचार.

आणि माणसं. या देशात चार कोटींहून जास्त लोक घरात स्पॅनिश बोलतात. एडिसनपासून पर्थ अँबॉय गाडीने काही मिनिटांवर आहे. तिथे डोमिनिकन आणि पोर्तो रिकोची माणसं मोठ्या संख्येने राहतात. त्यांचं बोलणं ऐकून पहिल्यांदा तुला वाटेल की आपण भलतीच भाषा शिकलो. कॅरिबियन बेटांवरची माणसं शब्दाच्या शेवटचा 'स' बऱ्याचदा गिळतात, 'लोस निन्योस'चं 'लो निन्यो' होतं. माद्रिदची माणसं 'ग्रासियास'ला 'ग्राथियास' म्हणतात. सगळी स्पॅनिशच आहे. कोल्हापूर, नागपूर आणि मालवणची मराठी आपण एकच मानतो, तेवढा मोठेपणा दुसऱ्याच्या भाषेलाही दे, आणि डोमिनिकन बोलणाऱ्याला अशुद्ध म्हणू नकोस. दुकानात मागे रांग असताना सराव करू नकोस, त्या माणसाचं काम चाललेलं असतं. शेजारच्या आजी बाहेर बसल्या असतील तेव्हा बोल. त्यांना वेळही असतो आणि तू बोलतोयस याचा आनंदही होतो. तुझ्या वर्गात घरी स्पॅनिश बोलणारी मुलं असतील तर बुजू नकोस. ती भराभर बोलतात, पण रेघा आणि शुद्धलेखन त्यांनाही अवघड जातं. तुम्ही एकमेकांना देण्यासारखं पुष्कळ आहे.

कागदोपत्री दोन गोष्टी बघून ठेव. हा ऑनलाइन कोर्स तुझी शाळा मान्य करते असं समुपदेशकाकडून लेखी घे, तोंडी नको. आणि द्विभाषिकतेच्या शासकीय शिक्क्याबद्दल विचार. कॅलिफोर्नियाने २०११ साली कायद्याने सुरू केलेला 'सील ऑफ बायलिटरसी' आता न्यू जर्सीसह बऱ्याच राज्यांत मिळतो. चौथ्या वर्षापर्यंत टिकलास तर तो तुझ्या आवाक्यात आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी दुसऱ्या भाषेची दोन वर्षं मागतं आणि तीन असावीत असं सुचवतं. तिसरं वर्ष त्या दृष्टीनेही वाया जात नाही.

आता तुला पहिलं काम देते. या आठवड्यात तुझ्या शिक्षिका ज्या वेळी ऑनलाइन भेटतात, त्या वेळी कॅमेरा चालू ठेवून जा, एकच प्रश्न घेऊन जा आणि तो स्पॅनिशमध्ये विचार. त्यांना 'उस्तेद' म्हण. आणि रोज रात्री झोपण्याआधी त्या दिवशी काय घडलं ते मला व्हॉट्सॲपवर एका मिनिटात बोलून पाठव. आधी मनात मराठीत सांग, मग स्पॅनिशमध्ये बोल. मी ऐकेन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर देईन.